मुकी पट्टी आन् म्हशीचं कातडं

प्रिय यशयामामा यांस, भाची मार्था हिचा सलाम. देवाच्या दयेनं आमी खुशाल हाय. आईचे गुडघे तेवढे तुमच्या पलटनीसारखे, कवा हलतील सांगता येत न्हाई. लढाईवर तुमाला बाजरीची भाकर मिळती का, असं ती रोज इचारती (मला. मी काय सांगनार?).

तर मामा, तुमी गेल्यापास्नं तुमची बाजाची पेटी घरात गप पडून हुती. चर्चचे पाळकसाहेब म्हनले, "औंदा नाताळाला मार्था वाजवंल." मी लाजून मान खाली घातली, त्यांना ती व्हय वाटली. पेटी उघडली तर भाता उंदरानं कुरतडलेला. शेजारचे बन्सीनाना घोडेगावच्या बाजारला निघाले हुते. मी दाराआडून म्हनले, "नाना, भात्याला कातडं आना." ('पेटीच्या' म्हनायचं हुतं, पर त्यांनी वळून बघितलं आन् शब्द घशातच राहिला.) सांजच्याला नाना म्हशीचं आख्खं कातडं खांद्यावर घिऊन दारात, मागं गावची समदी कुत्री! "लोहाराच्या भात्याला पुरून उरंल, पोरी!" आई म्हनली, "नाना, ह्यात पेटी शिवू का पेटीवाली?"

आनलंच हाय म्हनून त्याचाच तुकडा खळीनं डकवला. भाता येवढा जड झाला की आईनं दोन्ही हातांनी ढकलायचा आन् मी वाजवायचं. असा भ्याँ निघायचा की नानांची म्हस गोठ्यातनं वो द्यायची (घरचं कुनी वाटलं असंल). शेवटी लोहारानं ते धूड ठिवून घेतलं आन् शेळीचं मऊ कातडं दिलं. ते बसलं. पेटी झ्याक झाली.

आतनं बोराच्या आठळ्या निघाल्या. उंदराच्या न्हाईत, तुमच्या. तुमी वट्यावर डोळे मिटून वाजवायचे, मी वंजळीतनं बोरं द्यायची, आन् आठळी कुठं जाती ते कवा कळलंच न्हाई. मी त्या टाकल्या न्हाईत.

जपून ऱ्हावा.

तुमची, दाराआडची मार्था

ता.क. पेटी झ्याक झाली हे आई शेजारी बसून सांगत हुती म्हनून लिवलं. मधली एक पांढरी पट्टी बोलतच न्हाई. आईला म्हनले तर हसाया लागली. "अगं, ती लई वरसं मुकीच हाय. तिथं आला की तुजा मामा त्वांडानं सूर लावायचा." मला आपलं वाटायचं पेटीच वाजती! मामा, मला तर चारचौघात खोकताबी येत न्हाई.

आनि येक. नाताळाला रजा काढून या. न्हाईच मिळाली, तर तेवढा सूर कसा लावायचा त्ये लिवून धाडा.