मोरीतली जागा

चौबे कॉलनी, रायपूर
२१ डिसेंबर २०२४

ती. विजयाताईंना दिवाकरचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, त्यामुळे आपल्या दोघांपुरतं पोस्ट खातं अजून कामाला आहे. अमरावतीला थंडी पडली असं लिहिता. इथेही सकाळी नळाला हात लावावासा वाटत नाही. माझी साखर ताब्यात आहे. पद्मिनी ठीक आहे.

गौतमने पाठवलेली मशीन कुठे ठेवली, असं विचारलंत. तर ऐका. मशीन एक नाही, दोन आहेत. एक धुणार, दुसरी सुकवणार. तुमच्या भाच्याने आईसाठी हात सैल सोडला आहे. दोन्ही सध्या हॉलमध्ये खोक्यांतच उभ्या आहेत आणि एकीवर मी माझी औषधं ठेवतो. शेजारच्या शारदाबाई विरजण मागायला आल्या, तर म्हणाल्या, "भैया, दो-दो फ्रिज ले लिए?" मी म्हटलं, हो, एकात मी बसणार आहे उन्हाळ्यात.

बाथरूममध्ये ठेवावी तर दार अर्धंच उघडतं, आणि माझं पोट तुम्हाला माहीत आहे. स्वयंपाकघरात ओट्याखाली एक मावेल, पण त्याच भिंतीच्या पलीकडे देव्हारा. सूनबाई रीना पुण्याहून व्हिडिओवर म्हणाली, "बाबा, देवाच्या पाठीला पाठ लावून मोजे धुणार का?" मी म्हटलं, देवाची वस्त्रंही मळतातच. ते तिला आवडलं नाही. पुढच्या गॅलरीत ठेवली तर पाणी खाली सोसायटीच्या सेक्रेटरीच्या गाडीवर. म्हणजे राहिली मागच्या गॅलरीतली मोरी. तिथे नळ आहे, पाणी जायला वाट आहे, प्लगही आहे. कंपनीचा मेकॅनिक येऊन बघून गेला. "अंकल, एक के ऊपर एक रख देंगे, परफेक्ट जगह है. बस ये पत्थर हटाना पड़ेगा."

पत्थर म्हणजे पद्मिनीचा धुण्याचा दगड. बूढापाऱ्याचं भाड्याचं घर सोडलं तेव्हा तो मी टेम्पोत चढवला आणि पाठीत उसण भरून घेतली. फ्लॅटमध्ये दगड नेणारा माणूस म्हणून तुम्ही किती हसला होतात.

गौतम रोज फोनवर विचारतो, "बाबा, जगह तो है ना? फिर प्रॉब्लम क्या है?" त्याचंही काही चूक नाही. दिवसभर थंड पाण्यात राहून पद्मिनीच्या बोटांना भेगा पडल्या आहेत, रक्त येतं. गेल्या आठवड्यात तिथेच पाय घसरून पडली. मार लागला नाही, पण लागला असता.

दिवसभर कशाला धुते, असं तुम्ही आता विचाराल. ताई, पत्राखाली तिच्या दोन ओळी का नसतात, हे तुम्ही मागेही विचारलं होतं आणि मी चष्म्याचं कारण पुढे केलं. चष्मा नवा आहे. पद्मिनी विसरत चालली आहे. आधी गॅस, मग घराचा रस्ता, मग माणसं. गौतमला ती साहेब म्हणते. मला पाहून पदर नीट करते आणि विचारते, "तुम्ही कोणाकडे आले?"

धुणं तेवढं विसरलेली नाही. धुतलेलेच कपडे काढते, धुते, वाळत घालते, ओलेच उतरवून पुन्हा भिजवते. पण काही झालं तरी पहिला माझा सदरा. आधी कॉलरला साबण, मग बाह्या, मग उलटा करून झटकणं. मी मदतीला गेलो की मलाच दटावते, "हात नका लावू. हा यांचा सदरा हाय." समोरचा म्हातारा कोण हे तिला ठाऊक नसतं. पण "हे" नावाचं कुणीतरी घरात आहे, त्याला स्वच्छ कपडे लागतात, एवढं तिला पक्कं ठाऊक असतं. मी दिवसातून एकदा तरी ते ऐकायला मोरीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. आता या वयात याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "माताजी, आपके पति का नाम क्या है?" तिने मान खाली घातली आणि हसली. ते मला म्हणाले, नाम भी भूल गई हैं. मी त्यांच्याशी चक्क भांडलो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्याशिवाय हिने माझं नाव जन्मात घेतलेलं नाही, ती तुमच्यासमोर कशी घेईल? त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना पटलं नाही. घरी आल्यावर तिला उखाणा घ्यायला सांगायचं मनात होतं. सांगितलं नाही. ती लाजलीच होती, असं मी धरून चाललो आहे.

आता सांगा, मशीन कुठे ठेवू? तिला त्या दगडावरून उठवलं तर तिच्याजवळ काय उरतं, आणि माझ्याजवळ काय?

उत्तर लवकर लिहा. पद्मिनीने नमस्कार सांगितला आहे.

आपला,
दिवाकर


चौबे कॉलनी, रायपूर
१९ जानेवारी २०२५

ती. विजयाताई,

नमस्कार. तिळगूळ पोचला. लाडू कडक होते, पण तुम्ही या वयात वळले म्हणून दातांचा विचार न करता खाल्ले.

"मशीन परत पाठवा आणि माझ्या बहिणीला धुऊ द्या," असं तुम्ही लिहिलंत. मला अगदी हेच ऐकायचं होतं. पण तुमचं पत्र आलं तेव्हा मशीन मोरीत बसून गेली होती. नाताळच्या सुट्टीत गौतम आला आणि त्याच्या डोळ्यांदेखत पद्मिनी पुन्हा घसरली. कपाळाला टाके पडले. तो जमिनीवरचं रक्त पुसत होता आणि रडत होता. त्यानंतर नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. दगड लिफ्टने खाली गेला. आता तो गेटजवळ आहे आणि वॉचमन त्याच्यावर बसून ऊन खातो.

पहिले काही दिवस ती मोरीच्या दाराशी येऊन उभी राहायची. मशीनच्या गोल काचेतून कपडे फिरताना दिसतात, ते बघायची आणि म्हणायची, "कोण धुऊन राहिलं?" मी सांगायचो, मशीन. मग तिने येणं सोडलं. बोटांच्या भेगा भरल्या, हात अगदी मऊ झाले. गौतमला फोटो पाठवला. त्याला बरं वाटलं आणि ते खोटं नाही. ती पलंगावर बसून असते, मऊ हात मांडीवर ठेवून. धुणं गेलं तसं बोलणंही गेलं. "यांचा" हा शब्द घरात ऐकू येईना.

मला वाटलं, धुणं नाही तर घड्या तरी घालेल. सुकवणाऱ्या मशीनमधून कपडे भाजल्या पापडासारखे गरम निघतात. ते मी तिच्यासमोर पलंगावर ओतत असे. ती बाजूला सारायची. आठवडाभर हाच खेळ. मी मात्र हटलो नाही. माझ्या हट्टाला काय म्हणायचं ते तुमचं मागे म्हणून झालेलंच आहे.

परवा दुपारी तिने एक कपडा उचलला. माझा निळ्या रेघांचा सदरा. कॉलरवरून बोट फिरवलं, बाही उलटी करून पाहिली, नाकाशी नेला. तिने नीट घडी घातली, अगदी पूर्वीसारखी, बाह्या आत दुमडून. मग माझ्याकडे धरली आणि म्हणाली,

"हा दिवाकरचा सदरा हाय. त्याले देऊन द्याजा, भैया. वाट पाहून राहिला असन."

ताई, इतकी वर्षं संसार झाला. तुमच्या घरच्या मंगळागौरीत सगळ्यांनी कोंडीत धरलं तरी दोन ओळींच्या आडून, मान खाली घालून घेतलेलं माझं नाव. ते तिने असं सरळ, डोळ्याला डोळा देऊन घेतलं. शेजारच्या पोराचं घ्यावं तसं. डॉक्टरांशी मी भांडलो होतो ते बरोबर होतं, नाव ती विसरली नव्हती. ते नाव का घ्यायचं नसतं, ते ती विसरली.

मी म्हटलं, "हव, देतो."

आत जाऊन तो सदरा घातला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिलो. वेडेपणाच म्हणा. ती चिडली. "काढा तो. लोकाचा सदरा कसा घातला तुम्ही?" एवढं बोलून रडायला लागली. मी काढला. तेव्हापासून घरात गौतमचे जुने टी-शर्ट घालतो. माझे सदरे मशीनमध्ये धुतो, सुकवतो आणि ती झोपली की कपाटात ठेवून देतो.

तुमचं पत्र वाचून वाटलं, दगड परत वर आणावा. शारदाबाईंच्या मुलाला सांगून तोही आणून पाहिला. पलंगाजवळ ठेवला, पाण्याची बादली ठेवली, सदरा हातात दिला. ती दगडावर पाय ठेवून पाय दाबत बसली. दगड पुन्हा खाली गेला. मशीन चुकीच्या जागी ठेवली असं मी महिनाभर म्हणत होतो. आता वाटतं, कुठेही ठेवली असती तरी हेच व्हायचं होतं. हे कळून बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

तुम्ही भेटायला येते म्हणता, अवश्य या. पण ती तुमचं नाव घेईल आणि तुम्हाला ओळखलं असं समजून तुम्ही आनंदून जाल, म्हणून आधीच लिहून ठेवतो आहे.

मागच्या पत्रातला पद्मिनीचा नमस्कार मीच लिहिला होता. या वेळी लिहीत नाही. सही करतानाही हात अडला. हे नाव आता या घरात दुसऱ्या कुणाचं आहे, तो बाहेर गेलाय आणि ती त्याची वाट बघते. पण माझ्याजवळ दुसरं नाव नाही.

आपला,
दिवाकर