शिरदाक विणत नाहीत

बिश्केक,
१४ नोव्हेंबर

प्रिय जिबेक,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, एजेचे, अनेक आशीर्वाद. बाबांचा गुडघा आता बरा आहे. तू तळून पाठवलेले बोरसोक त्यांनी एकट्यानेच संपवले, चहासोबत.

एकाच कॉलेजात तू वर विभागप्रमुख, मी खाली कार्यशाळेत, तरी पत्र लिहितेय. समोर आले तर आवाज चढेल आणि मुलं ऐकतील.

पहिल्या वर्षाची अदिनाई छान काम करतेय. तिने ए.आय.कडून शिरदाक गालिच्यासाठी मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढून आणली, फार देखणी. मी म्हटलं, "आता काप." लोकरीचा पांढरा आणि तपकिरी नमदा एकावर एक ठेवून तिने सुरी चालवली. शिंगांची टोकं इतकी बारीक होती की लोकर फाटून हातात आली. आधी वैतागली, मग हसली आणि टोकं जाड करून नक्षी पुन्हा स्वतः काढली. मी मशीनला नावं ठेवली नाहीत. वापरा खुशाल, पण सुरी हातात घ्या, एवढंच माझं मत आहे.

ते मला कुणी विचारलं नाही.

सोमवारच्या सभेत तू 'ए.आय. आणि डिझाइन शिक्षण : शिक्षकांची मतं' हा अहवाल वाचलास. माझ्या नावापुढे होतं, 'अनेक वर्षं शिरदाक विणायला शिकवल्यावर मला वाटतं, पहिल्या वर्षाचा हातकामाचा तास आता अनावश्यक आहे.' मला एजेच म्हणणारा आपला सहकारी तालान्त मागून म्हणाला, "काय एजे, विणायला कधीपासून लागलात?" सगळे हसले. तूही हसलीस.

जिन्यात गाठलं तर म्हणालीस, "वेळ नव्हता गं एजे. सगळ्यांचीच मतं मशीनकडून लिहून घेतली. तुला तरी वेगळं काय म्हणायचं होतं?"

माझा तास माझ्याच तोंडून बंद करतेस आणि वर मलाच विचारतेस? संताप आलाय मला. तेव्हापासून धड जेवलेले नाही.

तास जाईल याचा राग आहेच. पण दुसरं काहीतरी जास्त लागलंय. शिरदाक कापतात आणि शिवतात. विणत कुणीच नाही. मशीनला ते कळलं नाही, सोड. पण तू आईसोबत नमद्यासाठी लोकर तुडवलेली मुलगी. तू ते वाक्य न वाचताच माझ्या नावावर खपवलंस, की वाचूनही तुला खटकलं नाही?

शुक्रवारी अहवाल प्राचार्यांकडे जाण्याआधी माझं नाव काढ. नाहीतर मी स्वतः जाऊन सांगेन की ते मत माझं नाही, आणि कुणी लिहवून घेतलं तेही सांगेन. बहीण म्हणून गप्प बसणार नाही.

आईने आपल्या दोघींसाठी एकाच कापातून दोन शिरदाक केले. तुझ्या घरच्या तपकिरीत जी पांढरी शिंगं आहेत, ती माझ्या पांढऱ्या नमद्यातून कापून तुझ्यात शिवलेली आहेत. आज घरी गेलीस की त्यावर बस आणि मला उत्तर लिही. स्वतःच्या हाताने.

तुझीच, आणि कधीही न विणलेली,
बुरुल एजे