चढावरचा हिसका

प्रिय सू-चिंग ताई,

फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझ्या चुलीवर काहीतरी करपतं आणि तू फोन ठेवतेस. पत्राला ती सबब चालत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबांची जुनी पांढरी गाडी मध्यंतरी हिसके देऊ लागली. त्यांचं निदान तयारच होतं: यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून डॅशबोर्डवर ठेवलेल्या हिरव्या खाऊच्या पाकिटाची तारीख उलटली, म्हणून गाडी रुसली. नवं पाकीट आणलं, तरी हिसके चालूच. मग स्वारी नाइलाजाने माझ्या गॅरेजात आली.

मी कॉम्प्युटर जोडला, त्याला काही दोष दिसेना. चियाईच्या बाजारातून फेरी मारली, तर गाडी लोण्यासारखी चालली. बाबांना विचारलं, नेमकी कुठे अडते? तर म्हणे सगळीकडेच. असं कोडं पडलं की मला जेवण गोड लागत नाही, तुला माहीत आहे. शेवटी जुना काट्याचा मीटर काढला. ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे इंजिनाला सांगणारा एक छोटा सेन्सर असतो. त्याच्या तारेला मीटर लावला, इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली आणि पेडल अगदी हळूहळू दाबत गेले. काटा छान चढत होता. मधेच एका जागी धपकन शून्यावर पडला आणि पुढे पुन्हा चढू लागला. परत दाबलं, परत तिथेच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या सेन्सरच्या आत एक पट्टी असते. पेडल जितकं दाबून पाय जास्त वेळ स्थिर राहतो, त्या जागी ती घासून झिजते. गावात चालवणाऱ्यांची पट्टीच्या सुरुवातीच्या टोकाला झिजते, कारण पेडल जेमतेम दाबलेलं असतं. बाबांची मात्र मधोमध झिजली होती, लांब चढावर पेडल निम्मं दाबून धरावं लागतं तिथे. आणि बाबा तर सांगतात, बाजार आणि देऊळ सोडून मी कुठे जात नाही. चियाईच्या बाजारात चढ कुठला ग?

मी सरळ विचारलं, कुठला घाट चढता? बराच वेळ ते हिरवं पाकीट नीट लावत बसले. मग म्हणाले, "शिझुओला हवा बरी असते."

तुझ्या शिझुओला, ताई. तू डोंगरातल्या पासुया भाऊजींशी लग्न केलंस तेव्हा "ती मला मेली" म्हणणारा हाच माणूस. आणि मागे तूच हसत सांगितलं होतंस, तुमच्या चहाच्या मळ्याखालच्या वळणावर एक गाडी खोकत येते, रविवारी तर हमखास, थोडा वेळ थांबते आणि मागे फिरते. कोण वेडा आहे कोण जाणे. तो वेडा माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता.

सेन्सर मी बदलला आहे. गाडी आता अजिबात खोकत नाही, आणि पत्र लिहायचं कारण तेच. या रविवारी तुला काहीच ऐकू येणार नाही. तू सकाळीच वळणावर जाऊन उभी राहा.

तुझीच धाकटी,
पेइ-चून