मार्ताबाई पुढे, आम्ही मागे

गार्चिंग, जर्मनी, रवि. १ सप्टेंबर १९६३

बेबी, ही वही कुणी दिली ते तुला आठवत नसेल म्हणून आधी सांगते. तूच दिलीस. बोटीवर चढताना माझ्या पिशवीत कोंबलीस आणि म्हणालीस, आजी, रोज लिही. आजीला अक्षर येत नाही हे तेवढ्यात विसरलीस. चार महिने वही कोरी. शेवटी तुझी काकू शालिनी म्हणाली, तुम्ही सांगा आई, मी लिहिते. बाळाला मांडीवर घेऊन लिहिते आहे. अक्षर हललं तर दोष माझ्या नातवाचा. वही भरली की पाठवते.

आज घरमालकीण मार्ताबाई केक घेऊन वर आली. सदुसष्ट वर्षांची, म्हणजे माझ्याच आसपास. माझं कुणी लिहून ठेवलंय. ताठ, नाकासमोर चालणारी. नवरा लढाईत गेला. लग्नाआधी सात उन्हाळे डोंगरात वर गुरं घेऊन एकटी राहायची. वरचं कुरण नि गोठा मिळून इथे आल्म म्हणतात. गोठा अजून उभा आहे. पण मध्यंतरी दरड कोसळली, वाट गेली, कुणी जात नाही. पुढच्या उन्हाळ्यात मालक गोठा उतरवणार, लाकूड तारेवरून खाली सोडणार. त्याआधी मार्ताबाईला एकदा तिथल्या उंबऱ्यावर बसायचंय. वासूने हे मला मराठीत सांगितलं. (शालिनी 'वासू'च्या जागी 'हे' लिहीत होती. माझाच मुलगा, माझ्या तोंडी 'हे' कुठून येणार? खोडायला लावलं.)

मी विचारलं, बसून काय करणार?
"बसणार," म्हणाली.
मला बाई आवडली. मीही येते म्हटलं.

बुध. ४ सप्टें.

नदीकाठी चालायची तालीम. मार्ता, मी आणि तिची मैत्रीण रोझा. रोझा पोस्टमास्तरची विधवा, गोल, तोंडाला विश्रांती नाही. वासूही होता, नकाशा घेऊन. तो येणारच, नाहीतर मला कोण काय सांगणार.

मला सगळ्यांच्या पुढे घातलं. मी नको नको म्हटलं, वरवर. आयुष्यभर सासऱ्यांमागे, दिरांमागे, नवऱ्यामागे आणि शेवटी गाढवामागे चालले. इथे परक्या मुलखात पुढचा मान. चांगली माणसं आहेत.

शनि. ७ सप्टें.

मान कसला. वासूने आज हसत हसत सांगितलं. ह्यांच्या डोंगरात सगळ्यांत हळू माणूस पुढे असतो. बाकीचे त्याच्या पावलाने चालतात, म्हणजे कुणी मागे सुटत नाही.

मी आणि हळू. गवताचा भारा डोक्यावर घेऊन निवईचा घाट दिवसातून दोनदा चढलेली मी. जेवले नाही दुपारी. (जेवल्या. उशिरा. — शा.)

मग आपल्याकडचं आठवलं. हळू माणूस मागे, पुढचे वर जाऊन तंबाखू मळत बसतात, तो धापा टाकत पोचला की लगेच उठून निघतात. बिचाऱ्याला बसायला मिळतच नाही. राग गेला. ह्यांची रीत शहाणी आहे. पण हळू मी नाही.

मंगळ. १० सप्टें.

हळू कोण ते कळलं. मार्ता जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवते. उजवा गुडघा. मी पाहिलं, मी पाहिलेलं तिने पाहिलं. बोट ओठावर ठेवलं.

वासूला कळलं तर बेत मोडेल. गप्प बसले. शालिनीला आत्ता लिहिताना कळतंय. तीही गप्प बसेल, तशी गुणी आहे.

शनि. १४ सप्टें.

गाडीने डोंगराच्या पायथ्याशी, लेंगग्रीसला. रोझाच्या मावसबहिणीच्या शेतावर मुक्काम. वासूने मला बूट घेऊन दिलेत, पायाला विटा बांधल्यासारखे. कासोटा पाहून रोझाने मला दोनदा गोल फिरवलं, मग स्वतःचा घागरा तसा खोचून पाहिला. बसेना. कापड कमी, रोझा जास्त.

मार्ताने नियम सांगितला: उद्या दुपारी दोन वाजता जिथे असू तिथून मागे. कुणी असो, काही असो.

सोम. १६ सप्टें.

काल झालं ते. अंग असं दुखतंय की

बाळ रडलं. पुन्हा सांगते.

उजाडताच निघालो. ओढ्यापर्यंत रानातली चांगली वाट. पुढे डोंगराची सगळी कूस सोललेली. पांढरे दगड, आडवी मेलेली झाडं. वासू नकाशा असा धरी, तसा धरी.
"आई, इथे वाट आहे."
"कागदावर असेल."

मार्ताने नकाशाकडे पाहिलंच नाही. ती पलीकडचा गवताचा उतार बघत होती. मीही तोच. बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा आडव्या रेघा. (हे लिहायला शालिनी लाजली. लिही म्हटलं.) ढोरवाटा. गुरं उगाच सरळ चढत नाहीत, जिथे पोट कमी हलतं तिथून तिरकी जातात. वर्षं गेली तरी त्यांच्या पायाची पायरी गवतात राहते. आम्ही दोघींनी एकदमच बोट केलं, एकाच रेघेवर. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. वासूला दोन्ही येतात आणि त्याला दिसलं नाही.

दरडीच्या वरच्या अंगाने वळसा घातला. बूट गळ्यात बांधले, अनवाणी चढले. ओल्या गवतावर बोटं रुततात, बूट घसरतात. रोझाने माझं पाहून बूट काढले आणि ओरडत, शिव्या देत चढली. मग बुटक्या पाइनचं रान, कमरेएवढं. फांद्या सगळ्या खालच्या बाजूला लोळलेल्या, पाऊल टाकलं की मांडीपर्यंत आत. त्यात तास गेला. रोझाची टोपी तिथेच राहिली.

रान संपलं तिथे भाकरी खाल्ली. मार्ताने तिच्या गायींची नावं सांगितली, हाताने शिंगं काढून दाखवत. लीझल, ब्लूम, एक कुणी मारकी. मी माझ्या सांगितल्या, कपिली, मोरी, चांदी. चांदीची लाथ बसलेली खूण दाखवली. तिनेही कोपर दाखवलं. वासू म्हणाला, मी काही सांगू का दोघींना एकमेकींचं? म्हटलं, तू खा.

पुन्हा निघालो. मी पुढे, मागे रोझा, मग वासू, शेवटी मार्ता. सगळ्यांवर लक्ष ठेवते म्हणाली. तिच्या काठीचा आवाज येत होता. ठक. ठक. मग थोडं थांबून ठक. मग त्याहून थांबून.

शालिनी दमली. उरलेलं उद्या.

मंगळ. १७ सप्टें.

तर काठी. मी वळून पाहिलं. तोंड राखेसारखं, ओठ दातात धरलेला. हाक मारणार नाही ही बाई, पडेल पण मारणार नाही. मी दगडावर बसले.

वासूने विचारलं, "दमलीस?"
"नाही. मार्ताबाईला म्हणावं, पुढे ये."
"अगं, ती आपल्यात सगळ्यांत पटाईत आहे."
"पुढे ये म्हणावं. रीत तिचीच आहे."

वासूने आधी जर्मन करून सांगितलं आणि मग त्याला कळलं. तो मागे वळला, तिच्या पायाकडे पाहिलं. रोझानेही. मार्ताने माझ्याकडे पाहिलं ते नणंदेने पाहावं तसं. मीही नजर हलवली नाही. नणंदा मला चार होत्या.

मग ती आली. मला ओलांडताना खांद्यावर हात ठेवला. प्रेमाने नव्हे, आधाराला. चांगलाच भार दिला. आणि पुढे झाली.

बेबी, त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. ती गोगलगाईसारखी चालत होती. पण एक पाऊल वाया नाही. दगडाला पाय लावायच्या आधी काठीने विचारायची. जिथे मी सरळ गेले असते तिथे वळायची, आणि पुढे गेलं की कळायचं, खाली कडा होता. एका जागी वाकून गवत बाजूला केलं तर खाली कोरलेला ओंडका, गुरांच्या पाण्याचा, अजून भरलेला. तिने पाण्याला हात लावला, तोंडाला लावला. दुखणाऱ्या पायाने आम्हां तिघांना वाट नसलेल्या डोंगरातून नेत होती, आणि आम्हाला घाई करावीशीही वाटेना.

दुसरी घळ आली. पलीकडे गोठा. छपरावर दगड, एक दार, दारापुढे उंबरा, स्पष्ट दिसत होता. शेळीला पाव तास. तिला तास.

तिने विचारलं, किती वाजले.
वासू म्हणाला, दोनला दहा कमी.

मला घड्याळ कळत नाही, पण माझा मुलगा खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. मार्ताने त्याचं मनगट धरलं, बाही वर केली, पाहिलं. दोन वाजून गेले होते.

"उम्केरेन," म्हणाली. परत फिरायचं.

मी भांडले. मराठीत, घळीच्या काठावर उभं राहून. म्हटलं मी आणि रोझा हाताची गाडी करतो, बस तीत, नेतो. रोझाने लगेच हात पुढे केले. वासू म्हणाला, मीही आहे. मार्ता हसली, खूप दिवसांनी हसावं तशी. वासूकडून सांगितलं, "फ्राऊ आई, घळीत चार माणसं पडली तर चौघांनाही उंबरा नाही."

फ्राऊ म्हणजे बाई. वासू मला आई म्हणतो ना, तिला वाटतं माझं नावच आई आहे.

थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग वळली. उतरतानाही पुढे तीच. अवघड जागी बसून घसरत, आम्हीही तसेच. पातळाची चाळण झाली. अंधार पडायच्या आत ओढ्याशी.

वर जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आपलं दार दिसत असताना नियमाला धरून वळलेलं माणूस हे पहिलं. माझ्याने झालं नसतं.

रात्री वासू चिडला. आधी का सांगितलं नाहीस? मी म्हटलं, तू जाऊ दिलं असतंस? नसतंच. म्हणून.

रवि. २२ सप्टें.

मार्ताचा गुडघा कोहळ्याएवढा. रोज खाली जाऊन शेक देते. ती मला लांगझाम, लांगझाम म्हणते, हळू. मीही तिला तेच. एवढ्यावर आमचं बरं चाललंय. रोझा येते नि दोघींना रागावते. टोपीचं नाव काढत नाही, पण डोक्याला हात लावते.

बुध. ९ ऑक्टो.

डॉक्टर म्हणाले गुडघ्याची वाटी उघडावी लागेल, आत काही फाटलंय. मग डोंगर? खांदे उडवले. इथले डॉक्टरही तसेच.

गोठ्याच्या मालकाला मार्ताने पत्र घातलं होतं, वर्षभर थांब म्हणून. उत्तर आलं. फार अदबीचं. थांबता येत नाही, जूनअखेर उतरवणार. वरचं बर्फ मेअखेर सरकतं. म्हणजे हातात एक महिना, आणि गुडघा.

मार्ता बोटं मोजत होती. मग माझ्याकडे बोट केलं, "युनी?" जूनमध्ये? माझी परतीची बोट मार्चची आहे. वासूने मान खाली घातली. मी 'गेनाऊ' म्हणाले. त्याचा अर्थ 'अगदी बरोबर' असा आहे. शालिनी म्हणते, इथे ते बसत नाही. बसतं.

गुरु. ७ नोव्हें.

काल गुडघा उघडला, शिवला. आज भेटून आले. पाय टांगलेला. नर्सला वाटलं मी बहीण आहे. नऊवारी नेसलेली बहीण. मार्ता म्हणाली, हो, बहीण. आत सोडलं.

रवि. १७ नोव्हें.

घरी आणली. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून पाहायचा होता. धरायला गेले तर हात झटकला. ठेवला. घामाने भिजली. काढला. पुन्हा ठेवला. मी मोजलं नाही. रोझा रडत होती आणि बोलतही होती, दोन्ही एकदम जमतं तिला.

वाकेल का गुडघा, कुणी सांगत नाही. मला जूनपर्यंत राहू देतील का, तेही कुणी सांगत नाही. परक्यांच्या नोंदीचं एक ऑफिस आहे, आउसलेंडरआम्ट. वासू उद्या तिथे कागद घेऊन जाणार. जा म्हटलं, आणि कान लाल करू नकोस.

बेबी, आता काम. वासूच्या मित्राची बायको जानेवारीत पुण्याहून येते आहे, तुझ्या काकाने तिचा पत्ता वेगळा लिहिला आहे. तिच्याबरोबर डिंक पाठव. धावड्याचाच हवा; बाभळीचा गळ्यात मारतील, घेऊ नकोस. खडे लहान, पिवळसर, तळला की फुलला पाहिजे, घरी एक तळून बघ. खारीक पूड करून, इथे कुटायला काही नाही. गोडंबी, खसखस, आणि गूळ मऊ, चिकीचा नको. तूप मी इथल्या लोण्याचं कढवते. डिंक दोन शेर घाल. मार्ताचं हाड भरायला रोज एक लाडू, सकाळी, मेपर्यंत, असा हिशेब आहे, आणि वास आला की रोझा येणारच.