शेवट सांगणारा

२४ एप्रिल १९९२, शुक्रवार

माईक मिळाला! माझ्या हातात! सकाळपर्यंत मी भिंतींना पोस्टरं चिकटवत होतो, दुपारी रिक्षात बसून अख्ख्या पनवेलला हाका मारल्या.

झालं असं की कमलाकरदादांचा घसा काही सुधरेना. पंधरा वर्षं त्यांनीच रिक्षातून नाटकं, सर्कशी, जादूगार पुकारले. मी इथं आलो तेव्हापासून मात्र ते पाटीवर लिहूनच बोलतात. डॉक्टरनं मौन सांगितलंय, आवाज परत येईल की नाही तेही सांगत नाही. मग कृष्णकांतकाकांनी स्वतः पुकारून बघितलं. काका म्हणजे मालक. गावात कुठलाही कार्यक्रम असो, पोस्टर अन् पुकारा त्यांचाच. पण माईकवर! रिक्षावाला शाहीदभाई म्हणाला, "काका, नाटकाला बोलावताय की मयताला?"

मी हसलो. काकांनी माझ्याकडे बघितलं. "लई हसू येतंय? मग तू बस."

अट घातलीय. रविवारी, तीन तारखेला, मुंबईच्या कंपनीचं बालनाट्य आहे. शाळेचं पटांगण भरलं तर माईक कायमचा माझा. नाही भरलं तर— पुढचं मला माहीत आहे. बापाचं पत्र येऊन पडलंय. मे महिन्यात पक्कं काम नसेल तर परत ये, राईस मिलमध्ये शब्द टाकलाय. जन्मभर कोंडा नाकात घालून घ्यायचा? नाही जात!

२५ एप्रिल

नवीन पनवेल, सगळे सेक्टर. शाहीदभाई रिक्षा चालवतो कमी, हसतो जास्त. "मुखरू, अरे माईकवर 'काहून' काय म्हणतोस! लोकांना वाटेल, बंगालचा जादूगार आला." म्हटलं, आमच्या चंद्रपूरकडे 'का'ला असंच म्हणतात. तर म्हणे, "इतक्या लांबून आलास, एक शब्द तरी तिथं ठेवून यायचास यार."

संध्याकाळी दादांनी पाटी पुढं केली. "ओरडू नको. गावाला नको सांगू. एका घराला सांग."

कळलं नाही. पण ध्यानात ठेवलं.

२६ एप्रिल

घसा गेला! दादांनी लिहिलं, "आज गप्प." मी अन् दादा, दोघं गप्प बसून चहा प्यायलो. काका म्हणाले, "दुकान आहे की समाधी?"

२७ एप्रिल, सोमवार

एक तारखेला ऑर्केस्ट्रा. दोनला चित्रकला स्पर्धा, कागद मिळेल, रंग आपापले आणा. तीनला बालनाट्य. दहाला राजस्थानी कठपुतळ्या. दिवसभर हेच. झोपेतही हेच म्हणत असेन.

लोक ऐकतात अन् भाजी निवडत बसतात. बालनाट्याची तिकिटं हलत नाहीत. काका उरलेली तिकिटं परत परत मोजतात. ते जास्त वाईट.

२८ एप्रिल

आज नेऱ्याला गेलो. देवळापाशी रिक्षा थांबवली. एक बाई आली, कडेवर पोर, मागं तीन. शोभाबाई म्हणे. "काय रं, त्या नाटकात राक्सस हाय ना? चितरात दिसतोय. मंग माजी पोरं रातची रडतील. आमी नाय येनार."

मी म्हटलं, बाई, रडणार नाहीत.

"तुला काय ठावं? शेवट चांगला हाय का नाय, येवढं सांग."

आता मला शेवट माहीत. कंपनीच्या सत्यजीत सरांनी काकांना गोष्ट सांगितली तेव्हा मी बाजूलाच पोस्टरांच्या घड्या करत होतो. हातातला माईक चालूच होता. सांगितला! राजकन्येला गुहेतला राक्षस रोज घाबरवतो, पण तो राक्षस नाहीच, तो तिचा हरवलेला भाऊ. कपाळावरचा तीळ बघून ती ओळखते, मग तो मुखवटा काढतो अन् दोघं गळ्यात पडून रडतात. सांगता सांगता मलाच भरून आलं. देवळापुढची माणसं जवळ सरकली. शोभाबाईनं पदरानं डोळे पुसले. "अगं बाय, भाऊ व्हता त्यो! मंग येतो की आमी."

एका घराला सांग, म्हणजे हेच ना दादा!

परतताना विचुंब्यात सांगितला. टपाल नाक्यावर, लाइन आळीत, मोहल्ल्यात, सगळीकडे सांगितला. पोरं रिक्षामागं पळाली!

२९ एप्रिल

मोठी गडबड.

सत्यजीत सर मुंबईहून आले. मोहल्ल्यातून चालत येताना पोरांच्या तोंडून आपल्याच नाटकाचा शेवट ऐकला. दुकानात शिरले तेच लालबुंद. "अहो, रहस्य आहे ते! दीड तास मुलांनी ज्याच्यासाठी बसायचं, ते तुम्ही भोंग्यावरून वाटताय?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, सर, आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे जत्राच, तिथं रात्रभर नाटक असतं. शेवट म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक. बहीण मरणार, भाऊ वेडा होणार. तरी बैलगाड्या भरभरून येतात. ठाऊक असतं म्हणून येतात, रडायच्या जागी सगळे मिळून रडायला.

सर म्हणाले, "इथं कोणी रडायला येत नाही. आता बघायलाही येणार नाही."

काकांनी माईक काढून घेतला. दादा पाटीवर काही लिहीत होते. मी बघितलं नाही.

काहून सांगितला मी शेवट!

३० एप्रिल

माईक नाही. पोस्टरं चिकटवली. काका रिक्षा घेऊन गेले अन् तासाभरात परत. घामाघूम. "पोरं मला अडवून विचारतात, तिला तीळ दिसला कसा? मुखवटा होता ना? मला काय माहीत! शाहीद दात काढत होता."

शाहीदभाई म्हणाला, "काका, माझी पोरगी जास्मीनसुद्धा सकाळपासून तेच विचारतेय. रविवारी बघू म्हटलं."

१ मे

ऑर्केस्ट्रा होता. निवेदकानं खुर्च्यांकडे बघितलं, मागच्या रांगा रिकाम्या. काका माझ्याजवळ आले, माईक छातीवर आपटला. "घे. तिळाचं खूळ तूच लावलंस, तूच निस्तर."

पुकारत निघालो तर पोरं तेच, तीळ कसा दिसला? सांगितलं नाही! म्हटलं, ते रविवारी.

२ मे

चित्रकला स्पर्धा. विषय होता आवडता पक्षी. निम्म्या पोरांनी राक्षस काढला. कपाळावर तीळ. बक्षीस द्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "हा कुठला पक्षी?"

झोप येत नाही. स्पर्धेला आलेली पाऊणशे पोरं म्हणजे भरलेलं पटांगण नव्हे.

३ मे, रविवार

भरलं!!!

नेऱ्याहून टेम्पो आला, पुढं शोभाबाई. विचुंब्याचे चालत आले. सेक्टरवाले नवरा-बायको-पोरं इस्त्रीच्या कपड्यांत. सतरंज्या संपल्या, लोक कुंपणावर चढले.

पहिल्या अंकातच घोळ. राक्षस गुहेतून आला, राजकन्या थरथरायला लागली. तर सगळं पटांगण ओरडलं, "घाबरू नको! भाऊ आहे तुझा!" राजकन्येचं काम करणारी इरा म्हणून मुलगी, तिला पुढचं वाक्यच सुचेना. पोरं थांबेनात. "तीळ बघ! तीळ बघ!" सत्यजीत सर विंगेत डोकं धरून बसले. मी त्यांच्या मागं. मिलचा कोंडा नाकात शिरल्यासारखं झालं.

मग इरा पुढं आली, अगदी कडेपर्यंत. पोरांना म्हणाली, "खरंच? पण मुखवटा कसा काढू? तो तर झोपतच नाही." पोरं उठून उभी राहिली! गुदगुल्या कर! लाडू दे! अंगाई म्हण! तिनं एक एक करून बघितलं. दीड तासाचं नाटक सव्वादोन तास चाललं. शेवटी मुखवटा उतरला, तीळ दिसला, अन् सगळ्यांना पाच दिवस ठाऊक असलेल्या गोष्टीवर बाया ढसाढसा रडल्या. शोभाबाईचा आवाज सगळ्यात मोठा.

सर बाहेर आले. डोळे लाल. माझा खांदा दाबला, "मुखवटा होता तर तीळ दिसला कसा, हे मला लिहिताना सुचलंच नव्हतं. पुढच्या प्रयोगात बघतो." अन् हसले.

काका म्हणाले, "माईक तुझा. जा, बापाला कळव."

उद्या कळवतो!

४ मे, सोमवार

सकाळी शटर वर करत होतो. मागून हाक आली. "मुखरू." घोगरी, खालच्या पट्टीतली. वळून बघितलं तर कमलाकरदादा, हातात पाटी नाही. त्यांचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला.

काका कॅलेंडरकडे बघत राहिले. मीच माईक नेऊन दादांच्या हातात दिला. कालच माझा झाला होता. पण पंधरा वर्षं!

रिक्षा निघाली. कठपुतळ्या, दहा तारीख, शाळेचं पटांगण. काय सुरेख पुकारतात! मी मागं चालत गेलो. मनात म्हटलं, चला, राईस मिल.

लाइन आळीत पोरांनी रिक्षा अडवली. "तो शेवट सांगणारा कुठंय?" दादा इकडं तिकडं बघायला लागले. मी पोरांच्या घोळक्यातच उभा होतो. एकानंही ओळखलं नाही. तोंड कोणी बघितलंय माझं!

मग मी तोंड उघडलं, "काहून रे?" अन् सगळी पोरं माझ्याकडे वळली.