बिनतारखेचे ढग

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर घातला तर टेबलाखालच्या वायरी निघतील आणि निम्म्या गावाच्या वेबसाइट बंद पडतील). गुडघा काय म्हणतो? ताईने तुम्हाला विश्रांतीसाठी तिच्या घरी नेलं आणि तुमचा फोनही काढून घेतला, म्हणून हा पत्राचा उपद्व्याप.

विषय तुमच्या ढगांच्या वेबसाइटचा आहे. घाबरू नका. म्हणजे, थोडे घाबरा. तुमचे फोटो आणि त्यांखालच्या ओळी ज्या डेटाबेसमध्ये राहतात, त्याची आवृत्ती म्हातारी झाली. लोकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या आमच्या होस्टिंग कंपनीच्या साहेबांचं फर्मान निघालं: शुक्रवारपर्यंत नव्या आवृत्तीत हलवा, नाहीतर जुनी बंद, ढगांसकट. जुनी फार गोड होती हो! काहीही सांगा, 'बरं' म्हणायची. तुम्ही तारखेचा रकाना कधी भरला नाहीत ('ढगाला कसली आलीय तारीख?' हे तुमचंच वचन), तर तिने मुकाट्याने तिथे शून्यं मांडली. नवी चपळ, हुशार, पण भारी शिस्तीची. शून्य महिन्याची शून्य तारीख बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि सगळे ढग दारातच अडवले.

खरं तर मी लगेच तोडगा काढायला हवा होता. पण एकेक ढग उघडून बघायला लागलो आणि दुपार कुठे गेली कळलंच नाही. खिडकीत खरे ढग, पडद्यावर तुमचे, मधे माझा निवत चाललेला चहा. एकाखाली तुम्ही लिहिलंय, 'शेपटी घरी विसरलेली मांजर'. मी वेड्यासारखा ती शेपटी पुढच्या ढगांत शोधत बसलो. साहेब मागे येऊन उभे राहिले. आता माझी काही धडगत नाही म्हटलं, तर तेही खुर्ची ओढून बसले. काम अर्थातच कोणाचंच झालं नाही.

शेवटी सगळ्या ढगांना एकच तारीख चिकटवली, तुमच्या लग्नाची (तेवढीच पाठ होती). ढग नव्या घरी सुखरूप पोहोचले.

तुमचा आळशी पण प्रेमळ,
भाचा

ता. क. घोटाळा झाला. मामीने वेबसाइट उघडली. "लग्नाच्या दिवशी हे दिवसभर आभाळात बघत होते, होय रे?" असं म्हणत थेट ऑफिसात आली आणि खऱ्या तारखा सांगत सुटली. सगळ्या तोंडपाठ! हा दूध उतू गेलं तेव्हाचा, हा तिची बहीण दाराबाहेर ताटकळली तेव्हाचा, हा तिचा वाढदिवस विसरलात तेव्हाचा. मामा, तुमची बाजू फार लंगडी आहे.

ता. क. २. एक ढग उरलाय. गच्चीवरून काढलेला, खाली ओळ नसलेला. त्याची तारीख काही केल्या तिला आठवेना. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी मीही यांच्या शेजारी उभी राहून वरच बघत होते, मला कशी आठवणार?" तेव्हापासून त्याच ढगापुढे बसून आहे. तर ती तारीख मला कळवू नका. घरी या आणि तिलाच सांगा. (आठवत नसेल तर द्या ठोकून एखादी. फक्त लग्नाची नको.)