बाबांसाठी म्हटलेलं गाणं

खापरखेडा,
२२ एप्रिल २०२४

चि. दामिनीस, अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून हसशील. मनीषनगर इथून तासाभराच्या वाटेवर, आणि बाप पोस्टानं पत्र पाठवतो! पण फोनवर तू बोलतेस ते मला भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटतं, आणि मोबाईलवर टाइप करायला गेलो की बोट एका अक्षरावर पडतं आणि उमटतं दुसरंच. तेव्हा कागदच बरा.

बातमी चांगली नाही. उजवा कान पूर्ण गेला. डावा आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब समजा. हे आपल्या घराण्याचं देणं आहे, आजोबांचेही साठीनंतर असेच गेले. त्यांना शेवटी शेवटी घरातले सगळे आपल्यावर रागावलेत असं वाटायचं, कारण तोंडं हलताना दिसायची आणि ऐकू काही यायचं नाही.

तुझ्या सिंधूआत्यानं तिच्या मोबाईलवर मला दाखवलं की तू बँडमध्ये गातेस. तिनंच सांगितलं की मे महिन्यात नागपुरात मोठ्या मैदानावर खाण्याची जत्रा भरणार आहे, एका बाजूला रस्सा-पोळी आणि दुसऱ्या बाजूला गिटार, आणि त्यात तुमचाही कार्यक्रम आहे. मला यायचं आहे. लहानपणी किती गोड गायचीस तू! तुझ्या आईनं शिकवलेलं ते भुलाबाईचं गाणं म्हणायला लागलीस की कॉलनीतले लोक थांबून ऐकायचे. मग एकदम सोडून का दिलंस, मला कधी कळलं नाही. पोरांची लहर, दुसरं काय.

आई गेल्यापासून ते गाणं घरात कोणी म्हटलं नाही. डावा कान जायच्या आत एकदा तुझ्या तोंडून ते ऐकायचं आहे. बाकी सगळ्या आवाजांना माझा रामराम.

सिंधूनं कैरीचं लोणचं घातलंय. आलीस तर तुझं, नाहीतर शेजारणीचं, असं तिनं कळवायला सांगितलंय. आशीर्वाद कमी पडत असतील तर लिही, आणखी पाठवतो.

बाबा


मनीषनगर, नागपूर,
२९ एप्रिल

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अवश्य या. शनिवार, ११ मे, साडेपाचला मैदानावर पोहोचा. आम्ही नवे, म्हणून आम्हाला सहाची वेळ मिळाली आहे. तेव्हा ऊन थेट स्टेजवर असतं आणि लोकांचं लक्ष ताटात. नावाजलेले बँड दिवे लागल्यावर येतात. तरी पहिल्या रांगेत तुमची खुर्ची मी राखून ठेवते. डोक्याला दुपट्टा बांधा आणि खिशात कांदा ठेवा, लू लागली तर आत्या मला सोडणार नाही.

हे रॉक आहे बाबा, हरिपाठ नव्हे. आमचा रजत ड्रम असा बडवतो की समोरच्याच्या ताटातली तर्री हलते. तुमच्या डाव्या कानाला ते झेपेल का, हा विचार तुम्हीच करा.

बँडचं नाव ‘वाफ’ आहे. ते मीच ठेवलं. कुठून सुचलं ते तुम्हाला आठवेलच.

आईचं गाणं ड्रमवर म्हणता येणार नाही. कार्यक्रम संपला की तुमच्यासमोर बसून, फक्त तुमच्यासाठी म्हणेन. शब्द देते. गाणं मी लहर म्हणून सोडलं, असं तुम्ही लिहिलंत. असेल. पोरांना लहरी असतात आणि मोठ्यांना विसर पडतो, म्हणूनच घरं चालतात.

आत्याला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नाही.

दामिनी


खापरखेडा,
३ मे

चि. दामिनीस, अ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. बँडचं नाव वाचून तर ऊर भरून आला. बापानं तीस वर्षं वीजकेंद्राच्या बॉयलरवर काढली, त्याची तू अशी आठवण ठेवशील हे स्वप्नातही नव्हतं. कॉलनीतल्या जुन्या सोबत्यांना घरोघरी जाऊन सांगितलं. मार्तंड तर म्हणाला की आमच्या पोरांनी आमच्या नावाचं कुत्रंही पाळलं नाही. सिंधूला वाचून दाखवलं तर ती गप्पच बसली. तिला बॉयलरचं काय कळतं!

डाव्या कानाला यंत्र बसवून घेतलं. पहिल्या दिवशी कावळा ओरडला आणि मी दचकून चहा सांडला. आता कुकरची शिटी, फाटकाची कडी, सिंधूची बडबड, सगळं येतं. बडबड आली की यंत्र काढून ठेवतो, हा एक फायदा. ११ तारखेपर्यंत कानाला रोज थोडी थोडी सवय लावतोय.

कांदा ठेवीन. तूही उन्हात सांभाळ. गाण्याची वाट पाहणारा,

बाबा


खापरखेडा,
२० मे

चि. दामिनीस, सिंधूआत्याचा आशीर्वाद.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, चुका पोटात घाल. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू विषय बदलतेस. कागदावर बदलता येत नाही.

दादा त्या दिवशी शेवटच्या बसनं परत आला. चेहरा उतरलेला. पण दुसऱ्या दिवसापासून साऱ्या गल्लीला सांगत सुटला की दामिनी फार छान गायली, स्टेजवरही आणि नंतर एकट्या माझ्यासाठीही. लोकांनी काय गायली विचारलं की नुसतं छान म्हणतो. यंत्र मात्र काढून कपाटाच्या खणात टाकलं. म्हणतो, कान संपला, आता त्याचं काही काम नाही. त्याच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागतं.

मी त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या की डावा कान एप्रिलमध्ये होता तितकाच आहे. मग असं काहून झालं? त्या संध्याकाळी तिथं काय झालं ते मला खरं खरं लिही वं. त्याला विचारलं तर तो भिंतीकडे पाहतो.

लोणचं ठेवलंय. शेजारणीनं दोनदा विचारलं, मी दिलं नाही.

तुझी आत्या


मनीषनगर,
२५ मे

ती. आत्यास, सा. न.

खरं हवं, तर घे.

बाबा आले. पाच वाजताच. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, पहिल्या रांगेत एकटेच, कारण बाकी खुर्च्या तापल्या म्हणून लोक मंडपाच्या सावलीत जेवत होते. आम्ही सहा गाणी वाजवली. बाबा पूर्ण वेळ स्पीकरसमोर कान वाकडा करून बसले आणि प्रत्येक गाण्यानंतर सगळ्यांच्या मागाहून टाळ्या वाजवत राहिले. नंतर मला सांगितलं, की छातीत धडधड झाली पण तुझा आवाज काही वेगळा काढता आला नाही, आता ते गाणं म्हण.

पोळीच्या स्टॉलशेजारी टेबल रिकामं होतं. मटक्यावरची लांब पोळी आणि रस्सा त्यांना वाढून घेतला. समोरासमोर बसलो. आणि मी गायलेच नाही, आत्या. नुसते ओठ हलवले. टेबलावर बोटांनी ताल धरला, डोळे मिटले, मान डोलावली, तिन्ही कडवी. आवाज एवढासुद्धा काढला नाही. त्यांनी यंत्र काढलं, हलवून पाहिलं, पुन्हा घातलं. मग खाली रश्श्याकडे पाहत बसले. संपल्यावर म्हणाले की छान गायलीस.

मला वाईट वाटलं का, विचारशील. नाही. परतताना मी बर्फाचा गोळा खाल्ला.

तुला ती कोजागिरी आठवते, हे मला माहीत आहे. मी बारा वर्षांची होते. कॉलनीच्या बागेत भुलाबाई मांडली होती, आईनं मला पुढं बसवलं होतं. बाबा ड्यूटीवरून साहेबांना घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की बंद कर वं, बॉयलरची वाफ सुटून राहिली असं वाटते. सगळी बाग हसली. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या बसमध्ये माझं नाव वाफ. दहावीपर्यंत. पुढं दहा वर्षं मी न्हाणीघरातसुद्धा गुणगुणले नाही. आणि त्यांना ती माझी लहर वाटते! वर बँडला त्यांच्या नोकरीचं नाव दिलं म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते.

त्यांनी माझा आवाज घेतला, मी त्यांचा कान. फिट्टंफाट.

माया पातळ करू नकोस एवढंच मागते,
दामिनी


खापरखेडा,
१ जून

दामिनी,

तुझं पत्र चुलीत घातलं. दादानं पाहिलं नाही.

त्या कोजागिरीला मीही हसले होते. मलाही शिक्षा कर, बसून राहते. पण त्याचा कान अजून आहे, आणि किती दिवस आहे ते देवालाही ठाऊक नाही. यंत्र मी त्याच्या कानात घालीन. तू फक्त ये आणि खरं गा. आज ये, उद्या ये.

लोणच्याचं नाव काढत नाही आता.

आत्या


मनीषनगर,
१९ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

ऑफिसच्या कामात अडकले, म्हणून पत्राला उशीर झाला. तसं आत्याचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. त्यातले चार खरंच कामाचे होते.

त्या दिवशी आईचं गाणं नीट झालं नाही. उन्हात सहा गाणी म्हटल्यामुळे माझा घसा बसला होता, म्हणून तुम्हाला कमी ऐकू आलं असेल. तुमच्या कानाचा दोष नव्हता. रविवारी, ३० तारखेला, मी येते. यंत्र घालून ठेवा. या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोकळ्या गळ्यानं म्हणेन. रोज गच्चीवर सराव करते आहे, शेजारच्या काकू म्हणाल्या की आवाज तुझ्या आईवर गेलाय.

मला ते गाणं तुम्हाला ऐकवायचं आहे बाबा. खरंच.

तुमची,
दामिनी


खापरखेडा,
२४ जून

चि. दामिनीस, अनेक आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. रविवारी येतेस, जरूर ये.

तुझा घसा बसला नव्हता. मला त्या दिवशी ऐकू येत होतं. सुरुवातीला मलाही वाटलं की कान गेला, म्हणून यंत्र हलवून पाहिलं. पण तुझ्या पाठीमागे ती पोळीवाली बाई हातावर पोळी थापत होती, ते थपथप स्वच्छ येत होतं. मग तिनं सोबतच्या बाईला विचारलं, की ही पोरगी बापासमोर नुसतंच तोंड काहून हलवून राहिली वं, आवाज तं येऊनच नाही राहिला. शब्द न् शब्द आला. तू तेव्हा दुसऱ्या कडव्यावर होतीस.

तुला थांबवावं असं वाटलं. पण मधूनमधून डोळे उघडून तू थेट माझ्या तोंडाकडे पाहत होतीस, आणि इतका वेळ तू माझ्याकडे पाहिल्याला फार वर्षं झाली होती. म्हणून संपेपर्यंत बसलो आणि छान म्हणालो.

परवा तुझं पत्र वाचल्यावर सिंधूला विचारलं, की पोरीचं माझ्यावर एवढं काय आहे. तिनं पाटीवर कोजागिरीचं लिहिलं. दामिनी, मला ते आठवत नाही. खूप प्रयत्न केला. साहेब आठवतात, दूध आठवतं, त्यात केशर जास्त पडलं होतं तेही आठवतं. मी बोललो ते आठवत नाही. सिंधू म्हणते की हे बोलण्यापेक्षा वाईट आहे. तिचं बरोबर असावं.

यंत्र मीच खणात टाकलं होतं. त्या बाईच्या त्या बोलण्यावर आणखी काही ऐकावंसं वाटेना. तुझं पत्र आल्यावर मात्र धावत काढलं, नवा सेल घातला. काही नाही. दुसरा घातला. सिंधूनं कानाशी थाळी वाजवली, मला पळी हलताना दिसली. आज डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कागदावर एकच ओळ लिहून दिली. पंधरा-वीस दिवसांपूर्वीपर्यंत होता म्हणे, असं सिंधू पाटीवर लिहून रडली. तिला समजाव.

तेव्हा माणसाच्या तोंडचं मी शेवटचं नीट ऐकलं ते त्या पोळीवालीचं.

तू ये. सिंधूनं लोणच्याची बरणी राखून ठेवली आहे. जेवण झालं की माझ्यासमोर बस आणि आईचं गाणं म्हण. मी तुझ्या ओठांकडे पाहीन, ताल दिसला की मान डोलवीन आणि शेवटी छान म्हणेन. खरं गायलीस की नुसते ओठ हलवलेस, ते आता तुझं तुलाच ठाऊक.

बाबा